परसातला आंबा वठल्यावर

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

रायवळ आंबा वठला, म्हणून तिथंच नवा लावायचा म्हणतोस. तोडायची घाई करू नकोस. पूर्वेची एक फांदी अजून हिरवी आहे ना? मग तोच आंबा पुढे नेता येईल. त्याची कोय लावून नव्हे, कोयीतून मूळ झाडाची चव उतरेलच असं नाही. कलम कर, म्हणजे त्याची काडी दुसऱ्या रोपावर बांध.

बाजारातल्या कुठल्याही रायवळच्या ताज्या कोयी जूनमध्ये ओल्या वाळूत रुजव. रोप दहा-पंधरा दिवसांचं, पानं तांबूस असतानाच बांधायचं. हिरव्या फांदीच्या शेंड्याची तीन-चार महिन्यांची, रोपाच्या खोडाएवढीच जाड काडी निवड. आठ दिवस आधी तिची पानं देठ ठेवून छाट, म्हणजे डोळा फुगतो. डिंक ओघळत असेल त्या फांदीला हात लावू नकोस. रोपाचा शेंडा तीन इंचांवर कापून मधोमध दीड इंच चीर दे, काडी पाचरेसारखी तासून बसव आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांध. साली निदान एका बाजूला जुळल्याच पाहिजेत, नवशिके इथंच फसतात. सांध्यात पाणी शिरलं की काडी काळी पडते. सगळी कलमं लागत नाहीत, दहा-बारा तरी बांध.

झाड मग तोडा, पण महापालिकेची परवानगी काढून. मध्य प्रदेशात शहरी हद्दीत २००१ च्या कायद्याने घरच्या झाडालाही ती लागते.

बांधलेली कलमं पिशवीत लाव, तिथं ती वर्षभर वाढतील. तोवर जुनं झाड का गेलं ते शोध. बुंध्याला भोकं आणि खाली भुसा असेल तर भिरूड, म्हणजे खोड पोखरणारी अळी. छत्रीसारखी बुरशी असेल तर मुळं कुजलीत, मग नवा खड्डा आठ-दहा फूट सरकव. बुंध्यापर्यंत फरशी घातली असेल तर दोष तुमचाच. नव्या झाडाभोवती चार फूट माती उघडी राहू दे.

इंदूरच्या काळ्या मातीत खड्डा म्हणजे बादली: पावसाचं पाणी आत साठतं आणि मुळं गुदमरतात. तीन फूट खड्डा मे महिन्यात खणून उन्हात तापू दे. भरताना तीच माती, वीस किलो कुजलेलं शेणखत आणि किलोभर निंबोळी पेंड घाल. ताजं शेण नको, वाळवी येते. वर फूटभर उंचवटा करून त्यावर कलम लाव, सांधा मातीच्या वर राहील असं. सांध्याखालून फुटवे आले की लगेच काढ, नाहीतर खुंट, म्हणजे खालचं रोपच माजतं आणि कलम मरतं. उन्हाळ्यात ही माती तडकते, बारीक मुळं तुटतात, म्हणून तीन-चार इंच पालापाचोळा पसर, खोडाला न चिकटवता. हिवाळ्यात आठवड्याला पंधरा-वीस लिटर पाणी पुरतं, नर्मदेचा नळ येईल तेव्हा दे.

भिंत पंधरा फुटांच्या आत असेल तर रायवळचा हट्ट सोड. दशहरी आणि नीलम यांच्या संकरातून आलेला आम्रपाली आंबा ठेंगणा राहतो. वरून विजेची तार जात असेल तर सरळ सीताफळ. वड-पिंपळ घराजवळ मुळीच नको.

पहिली तीन वर्षं मोहोर आला तर खुडून टाक. आजी रागावेल, तिला आधीच सांगून ठेव.

— काका