पोळी-भाजी केंद्रासाठी बिझनेस प्लॅन स्वतः लिहावा का?

तुम्हाला ऐरोलीत पोळी-भाजी केंद्र काढायचंय, बँक बिझनेस प्लॅन मागतेय, एजंट तो तयार देतोय; मग स्वतः कशाला लिहायचा, असं तुम्ही विचारलंय.

लिहाच. मी कोपरखैरण्यातून महापेच्या ऑफिसांना डबे पुरवते. माझा पहिला प्रोजेक्ट रिपोर्ट (बँकेत हेच नाव चालतं) मीही तयारच घेतला होता. मॅनेजरसाहेबांनी विचारलं, "महिन्यात धंद्याचे दिवस किती?" रिपोर्टमध्ये ३० धरले होते. ऑफिसं शनिवार-रविवार बंद, म्हणजे जेमतेम २२. रोज ९० रुपयांचे १०० डबे धरले, तर २,७०,००० ऐवजी १,९८,०००च हाती येणार. गाळ्याचं भाडं आणि पोळ्या लाटणाऱ्या बायकांचे पगार मात्र तेवढेच. मला उत्तर देता आलं नाही. बँकेआधी ते मलाच माहीत असायला हवं होतं.

काय विकणार, कोणाला, शेजारी अजून कोण विकतं, जागा, परवाने हे दोन पानांत बसतं. उद्यम नोंदणी (लहान धंद्याची सरकारी नोंदणी) मोफत आहे, तिचे कोणाला पैसे देऊ नका.

खरा वेळ द्या तो पैशांच्या पानांना. ओटा, शेगड्या, फ्रीज, डिपॉझिट हा एकदाच होणारा खर्च वेगळा लिहा आणि खेळतं भांडवल, म्हणजे रोजचा धंदा चालवायला लागणारा पैसा, वेगळं. नवे लोक इथेच अडकतात. एपीएमसीत (घाऊक बाजारात) भाजी रोख, गॅस रोख, पगार एक तारखेला. कंपनीचा चेक मात्र दीड महिन्याने. उद्यम नोंदणी असली तर कायद्याने ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. तरी प्लॅनमध्ये दीड महिन्याचा खर्च हाताशी धराच. महिनावार तक्ता करा: कोणत्या महिन्यात किती आले, किती गेले. पावसाळ्यात भाजी महागते, तेही त्यात दिसू द्या.

पीएमईजीपीतून (नव्या धंद्याला कर्जावर अनुदान देणारी केंद्र सरकारची योजना) कर्ज घेणार असाल तर अनुदान लगेच हातात येत नाही, ते तीन वर्षं बँकेतच ठेव म्हणून राहतं. ते जमेच्या बाजूला धरू नका.

एवढं कच्च्या वहीत झालं की सीएकडे जा, बाकीचे तक्ते ते बसवून देतील. पण त्याआधी दहा किलो पीठ मळून, लाटून, भाजून बघा. पीठ, तेल, गॅस, मजुरी धरून एक पोळी कितीला पडते, तो आकडा तुमचा स्वतःचा हवा.