एमबीवरची सही

"साहेबांनी सांगितले तसे मी केले, तर दोष माझा कसा?" समुपदेशनासाठी येणारी नोकरदार माणसे हा प्रश्न मला वेगवेगळ्या शब्दांत विचारतात. रस्त्यांची कामे पाहणारे एक तरुण कनिष्ठ अभियंता तो घेऊन आले, पण सुरुवातीला तक्रार केवळ झोपेची होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

पहिल्या भेटीत मी त्यांना श्वसनाचे व्यायाम शिकवले. दुसऱ्या भेटीत त्यांनी मोबाइलमधला एक फोटो दाखवला. रस्त्यात पहारीने घेतलेला खड्डा, त्यात उभी धरलेली पट्टी, आणि खडीचा थर ११० मिलिमीटरलाच संपलेला. ठेकेदाराचे बिल जिच्यावरून निघते त्या मोजमाप पुस्तिकेत, म्हणजे त्यांच्या भाषेत एमबीत, नोंद मात्र १५० ची करायची होती. "मार्चअखेर आहे, बिल निघू द्या, पुढचं मी बघतो," असे उपअभियंत्यांनी फोनवर सांगितले होते.

तेव्हा माझी चूक माझ्या लक्षात आली. जी अस्वस्थता मी आजाराचे लक्षण समजून शमवू पाहत होतो, तिने खरे तर त्यांना सही करण्यापासून रोखून धरले होते.

मी त्यांना मानसशास्त्रज्ञ स्टॅनले मिलग्रम यांनी येल विद्यापीठात १९६१ मध्ये सुरू केलेल्या प्रयोगांविषयी सांगितले. आपण बटण दाबले की पलीकडच्या माणसाला विजेचे धक्के बसतात, असे वाटत असूनही (प्रत्यक्षात ते बसत नव्हते) ४० पैकी २६ जण केवळ प्रयोगकर्त्याने सांगितले म्हणून धक्के वाढवत ४५० व्होल्टपर्यंत गेले. ही माणसे निर्दय नव्हती; कित्येकांना घाम फुटला होता, हात थरथरत होते, तरीही ते थांबले नाहीत. मात्र याच मालिकेतल्या दुसऱ्या एका प्रयोगात शेजारी बसवलेल्या दोघांनी नकार देताच शेवटपर्यंत जाणारे ४० पैकी चारच उरले.

"म्हणजे मी एकटा आहे म्हणून अडकलोय?" त्यांनी विचारले. बऱ्याच अंशी तसेच होते. त्यांनी ही गोष्ट कार्यालयात कोणालाच सांगितली नव्हती.

वरिष्ठांचा आदेश आला म्हणून सहीची जबाबदारी वरिष्ठांकडे जात नाही, हे त्यांना ठाऊक होते. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ प्रमाणे वरिष्ठांच्या तोंडी निर्देशाला शक्य तितक्या लवकर लेखी पुष्टी घ्यायची असते, हेही त्यांना खात्याच्या परीक्षेपासून पाठ होते. अडचण होती ती साहेबांपुढे ते उच्चारण्याची. नकार द्या किंवा मान तुकवा, असे मी सांगितले नाही. गृहकर्जाचे हप्ते त्यांना भरायचे होते, मला नव्हे. आम्ही चार ओळींचे पत्र तीनदा लिहिले, कारण पहिल्या दोन मसुद्यांत आरोप होते. शेवटच्या मसुद्यात उरले ते इतकेच: स्थळपाहणीत जाडी ११० मिमी आढळली; १५० मिमीच्या नोंदीबाबतच्या सूचनेस लेखी पुष्टी मिळावी, ही विनंती. पत्र देण्याआधी त्यांनी ते एका ज्येष्ठ सहकाऱ्याला दाखवले.

लेखी पुष्टी आली नाही. नोंद ११० चीच झाली, बिल अडले आणि जूनमध्ये बदलीचा आदेश हातात पडला. झोप आता बरी लागते, असे ते म्हणतात; पण मुलीचा शाळाप्रवेश नुकताच झालेला असल्याने पत्नीचा राग अजून निवळलेला नाही, आणि पुढच्या भेटीला दोघे मिळून येणार आहेत.