अडलेल्या शेळीचा रक्ताचा रिपोर्ट

प्रश्न : शेळी विताना अडली, डॉक्टरांनी दोन्ही करडं हात घालून काढली. त्याच वेळी घेतलेल्या रक्तात साखर आणि पांढऱ्या पेशी दोन्ही वाढलेल्या आल्या. तिला मधुमेह झाला का? की आत जंतुसंसर्ग आहे?

उत्तर : मधुमेहाची भीती मनातून काढून टाका. वेणा सुरू झाल्या की शरीरात कॉर्टिसॉल आणि अ‍ॅड्रिनॅलिन ही ताणाची संप्रेरकं वाढतात आणि यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं. एरवी शेळीच्या रक्तात दर १०० मिलिलिटरला साधारण ५० ते ७५ मिलिग्रॅम साखर असते. सहज व्यालेल्या शेळीतही ती त्या वेळी चढते. अडलेलीत जास्त, कारण कळा लांबतात. सलाईनमधून ग्लुकोज दिल्यानंतर रक्त घेतलं असेल, तर त्या आकड्याला काही अर्थच नाही.

पांढऱ्या पेशींचा नुसता एकूण आकडा बघून घाबरू नका. त्याखालची पेशींच्या प्रकारांची वाटणी वाचा. न्यूट्रोफिल वाढलेले, लिम्फोसाइट आणि इओसिनोफिल घटलेले, हे चित्र बहुतेक वेळा विण्याच्या ताणाचं असतं. ‘बँड’ म्हणजे कच्चे न्यूट्रोफिल बरेच दिसत असतील तर मात्र संसर्गाचा संशय घ्यावा. आणि एकूण पेशी ४ हजारांच्या खाली गेल्या असतील तर मला जास्त काळजी वाटेल. गर्भाशयात जोरदार संसर्ग झाला की पेशी तिकडे खेचल्या जातात आणि रक्तातला आकडा उलट पडतो. हात घालून करडू काढल्यावर डॉक्टरांनी दिलेलं अँटिबायोटिक पूर्ण करा. रिपोर्ट बघून स्वतःच्या मनाने त्यात भर घालू नका.

हिमोग्लोबिन चांगलं दिसलं तरी निर्धास्त होऊ नका. शेळी बराच वेळ कुंथत, पाण्याविना राहिली असेल तर रक्त घट्ट होतं आणि झालेला रक्तस्राव आकड्यात लपतो. पापणीची आतली बाजू पांढुरकी दिसली तर तेच खरं धरा.

कॅल्शियम मोजलंय का, ते विचारा. ते कमी पडलं की गर्भाशयाला जोर राहत नाही. कधी कधी शेळी अडण्याचं मूळ तिथेच असतं. पण शिरेतून कॅल्शियम घरी कधीही देऊ नका. भरभर गेलं तर हृदय बंद पडतं.

दोन-तीन दिवसांनी रक्त पुन्हा तपासून घ्या. ताणामुळे झालेले बदल तोवर उतरणीला लागलेले असतात. मधल्या काळात १२ तासांत वार पडली नाही, घाण वासाचा स्राव आला, ताप चढला किंवा तिने चारा सोडला, तर रिपोर्टची वाट न बघता डॉक्टरांना बोलवा.

पुढच्या वेताला शेवटचे सहा आठवडे खुराक सांभाळा. जुळी करडं असली की याच काळात साखर घसरते, अंगातली चरबी जळून तयार होणारे किटोन वाढतात आणि शेळी विण्याआधीच खचते. पाणमोट फुटून अर्धा तास जोर लावूनही करडू पुढे सरकत नसेल, तर डॉक्टरांना बोलवायला त्यापुढे थांबू नका.