एलिक्सरवर जीव जडलाय, पण नोकरीचं काय?

प्रश्न : मी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. वर्षभरापूर्वी सहज म्हणून एलिक्सर ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायला घेतली आणि आता दुसऱ्या कशात मन रमत नाही. बाबा म्हणतात, ‘ज्या भाषेचं नावसुद्धा नोकरीच्या जाहिरातीत दिसत नाही, तिच्यात डोकं घालून काय मिळणार? त्यापेक्षा जावा पक्की कर.’ मॅडम, या भाषेला भविष्य आहे का? आणि ती जिच्यावर उभी आहे ती जुनी भाषा, अर्लांगही शिकावी लागेल का?

उत्तर : तुझ्या घरातला वाद मिटत नाही, कारण तुम्ही दोघं वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देताय. ही भाषा टिकेल का, असं तू विचारतेस. माझ्या मुलीची पहिली नोकरी हिच्यात लागेल का, हा बाबांचा प्रश्न. माझं उत्तर सांगते : टिकेल, आणि बहुधा लागणार नाही.

टिकेल असं का म्हणते? एलिक्सर तशी तरुण. होजे व्हालिम यांनी ती घडवली, १.० आवृत्ती २०१४ची. पण ती चालते अर्लांगच्या ‘बीम’ या व्हर्च्युअल मशीनवर, म्हणजे प्रोग्राम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, आणि अर्लांगचं काम एरिक्सनच्या प्रयोगशाळेत १९८६मध्येच सुरू झालं होतं. गरज होती टेलिफोन एक्स्चेंजची. हजारो कॉल एकाच वेळी चालू असतात, एक बिघडला म्हणून शेजारचा तुटून चालत नाही, आणि दुरुस्तीसाठी एक्स्चेंज बंद ठेवायची तर सोयच नाही. म्हणून जो आर्मस्ट्राँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्येक कामाला स्वतंत्र प्रोसेस, म्हणजे आपापलं चालणारा छोटा प्रोग्राम, दिली. ही ऑपरेटिंग सिस्टिमची जड प्रोसेस नव्हे, जेमतेम काही किलोबाइटमध्ये मावणारी. तिची मेमरी तिची एकटीची, दुसरीशी बोलायचं ते निरोप पाठवून. ठरावीक काम झालं की शेड्युलर तिला थांबवून पुढचीला पाळी देतो, त्यामुळे एखादी आडमुठी प्रोसेस सगळ्यांची वाट अडवू शकत नाही. आणि एखादी कोसळलीच तर कोसळू द्यायची. वर बसलेला सुपरवायझर, म्हणजे देखरेख करणारी प्रोसेस, ती कोऱ्या अवस्थेतून पुन्हा उभी करतो. हे तुला ठाऊक आहेच. मुद्दा असा, की चॅट, व्हिडिओ कॉल, थेट बदलणारे डॅशबोर्ड या आजच्या गरजा त्या एक्स्चेंजच्याच जातीच्या आहेत. दुसऱ्या भाषांत हे गुण बाहेरून जोडावे लागतात, इथे ते पायातच आहेत.

बाबांना आणखी एक गोष्ट सांग. १९९८मध्ये एरिक्सनच्याच एका विभागाने नव्या उत्पादनांत अर्लांग वापरायला बंदी घातली. त्याच वर्षी ती ओपन सोर्स झाली आणि बाहेर वाढली. जन्मदात्या कंपनीने पाठ फिरवल्यावरही जगलेली भाषा जाहिराती कमी आहेत म्हणून मरत नाही.

आता बाबांची बाजू. अर्लांगवर उभं राहिलेलं व्हॉट्सॲप २०१४मध्ये फेसबुकने विकत घ्यायचं ठरवलं, तेव्हा त्याचे वापरकर्ते सुमारे ४५ कोटी होते आणि इंजिनिअर तीस-बत्तीस. एलिक्सरचे चाहते हा दाखला अभिमानाने देतात. मी तो नोकरी शोधणाऱ्या मुलीच्या नजरेने वाचते : थोड्या माणसांत भागतं, म्हणजे जागा थोड्या. आणि टीम लहान असली की नवख्याला हाताला धरून शिकवायला कुणी मोकळं नसतं, म्हणून अशा टीम अनुभवी माणूस शोधतात. भाषेचं बळ आणि तुझी अडचण, दोन्ही एकाच मुळातून आलेत.

‘आवडत्या भाषा’ विचारणाऱ्या सर्वेक्षणांवरही फार विसंबू नकोस. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटच्या २०२३च्या पाहणीत एलिक्सर आवडीत वरच्या दोनांत होती, पण वापरणारे शंभरात जेमतेम दोन-तीन. कुणी सक्ती न करता जी भाषा माणूस स्वतःहून शिकतो, ती त्याला आवडणारच की!

पुढची दिशा म्हणशील, तर मला सर्वांत आश्वासक वाटतो तो तिचा संथपणा. दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती येते, तरी आवृत्तीचा मुख्य आकडा अजून १ हाच आहे. जुना कोड मोडून नवं काही लादण्याची घाई नाही. २०२४पासून तिच्यात टाइप तपासणी (आकड्याच्या जागी अक्षरं आली, अशा चुका आधीच पकडणं) टप्प्याटप्प्याने येते आहे, मोठ्या प्रकल्पांच्या कोडला तिची गरज होतीच. फिनिक्स या एलिक्सरच्या वेब फ्रेमवर्कमधल्या लाइव्हव्ह्यूमुळे फारशी जावास्क्रिप्ट न लिहिता जिवंत, आपोआप बदलणारी वेबपानं बनवता येतात, आणि माझ्या अंदाजाने नव्या जागा निघाल्या तर त्या याच वाटेने निघतील. मशीन लर्निंगसाठी एनएक्स ही लायब्ररी आहे, काम सुंदर आहे, पण त्याच्या जोरावर एलिक्सर पायथॉनची जागा घेईल या आशेवर करिअर बेतू नकोस. आकडेमोडीचं जड काम हा बीमचा प्रांत नव्हे. तयार लायब्ररींचाही (आयत्या कोडच्या संचांचा) तुटवडा जाणवतो : जावा, पायथॉनसाठी सेवा देणारी कंपनीच लायब्ररी देते, इथे पुष्कळदा स्वतः लिहावी लागते. शिवाय ‘पडलं की पुन्हा उभं करा’ हे आता सर्व्हरवरचे प्रोग्राम सांभाळणारं कुबरनेटीसही करतं. मात्र ते अख्खा कंटेनर (प्रोग्रामचं पूर्ण गाठोडं) उठवतं, बीम एका वापरकर्त्याची एकच प्रोसेस. मुलाखतीत हा फरक नीट सांगता आला, तर समोरचा माणूस खुर्चीत सावरून बसेल.

तेव्हा पहिल्या नोकरीसाठी जावा किंवा ‘गो’ या भाषांपैकी एक चांगली हाताखाली घे. डेटाबेस आणि नेटवर्क कच्चे ठेवू नकोस. एलिक्सरच्या नोकरीतही निम्मा वेळ तिथेच जातो. एलिक्सरमध्ये मात्र पाच अर्धवट प्रकल्पांऐवजी एकच पुरा कर. छोटा चॅट सर्व्हर लिही, दोन मशीनवर चालव, चालू असताना त्यातल्या प्रोसेस मुद्दाम मार आणि काय सावरलं, कोणते निरोप हरवले, ते लिहून ठेव. निरोप हरवतील, घाबरू नकोस. ते का हरवले हे शोधताना जे शिकशील, ते जावाच्या टीमलाही हवंच असतं. मग दोनेक वर्षांचा अनुभव घेऊन एलिक्सरच्या टीमचं दार ठोठाव. तेव्हा तू नवखी नसशील.

अर्लांगचं विचारलंस. लिहिता आली नाही तरी चालेल, वाचता मात्र आली पाहिजे. एलिक्सरमध्ये रोज वापरतेस ते जेनसर्व्हर (प्रोसेस लिहिण्याचा तयार साचा), सुपरवायझर मुळात ओटीपीतले, म्हणजे अर्लांगसोबत येणाऱ्या तयार लायब्ररींच्या संचातले, आणि ओटीपीचा बराचसा कोड अर्लांगमध्येच आहे. एखादी चूक खोल गेली की एरर मेसेजही अर्लांगच्या वळणाचा येतो. व्हेरिएबल मोठ्या अक्षराने सुरू होतं आणि वाक्य पूर्णविरामाने संपतं, एवढ्याची सवय झाली की आठवडाभरात वाचायला लागशील.