प्लॅटिनम परवडत नाही? आधी काजळी करून पाह्य

अरे भाऊ, डाय सोलर सेल (रंगानं ऊन शोषून वीज बनवणारा सेल) बनवतो, तर त्याच्या काउंटर इलेक्ट्रोडवर, म्हणजे डायच्या समोरच्या इलेक्ट्रोडवर, प्लॅटिनमच्या जागी लावायले पहिल्याच दिवशी संत्र्याच्या सालाचा कार्बन बनवायच्या मागे काहून लागून राहिला? नागपुरात सालं फुकट भेटतात हे खरं, पण नायट्रोजनमधी ७००-८०० डिग्रीला भाजायची फर्नेस फुकट नाही न! आधी मेणबत्तीची काजळी नाहीतर साधा कार्बन ब्लॅक घे, थोडा टायटानियाचा (टायटॅनियम डायऑक्साइडच्या बारीक कणांचा) कोलॉइड बाइंडर म्हणून, म्हणजे कण धरून ठेवायले टाक, एफटीओ काचेवर (वीज वाहणारा थर असलेली काच) टेपची चौकट करून काचेच्या कांडीनं पसरव आणि भाज. मग चिकटपट्टी लावून ओढ, थर निघून आला तर पुढं जाऊच नको.

काउंटर इलेक्ट्रोडचं काम एकच, सेलमधल्या द्रवातल्या ट्रायआयोडाइडले इलेक्ट्रॉन देऊन परत आयोडाइड करणं. प्लॅटिनम ते पटकन करते, कार्बन जरा सुस्त, म्हणून थर जाड लागतो, सरफेस वाढला पाहिजे. १९९६ मधी के आणि ग्रेट्झेल या संशोधकांनी कार्बनवर ६.७ टक्के एफिशियन्सी काढली होती, म्हणजे हे काही भंगार काम नाही.

आणि पूर्ण सेल बनवून एफिशियन्सी पाहत बसू नको, डाय खराब का इलेक्ट्रोड, समजतच नाही. दोन सारखे इलेक्ट्रोड समोरासमोर लावून इम्पिडन्स (एसी करंटले होणारा अडथळा) मोज, बाजूले प्लॅटिनमवाली जोडी ठेव. सील मात्र पक्कं कर, आतल्या द्रवातलं असिटोनायट्राइल (सॉल्व्हंट) ८२ डिग्रीलेच उकळते, मे महिन्यात माझे चार सेल गच्चीवर कोरडे पडले होते.