आईच्या मालवणी मसाल्याचा ब्रँड कसा उभा करावा? लोगो आणि जाहिरातीवर किती खर्च करू?

तुम्ही लिहिलंय की कुडाळजवळच्या गावात आई वर्षानुवर्षं मालवणी मसाला करते, ओळखीपाळखीतून मागणी वाढलीय आणि आता पाकिटावर नाव घालून तो मुंबई-पुण्यात विकायचाय. डिझायनर लोगोचे २५,००० रुपये मागतोय आणि इन्स्टाग्रामवर किती पैसे घालावेत ते कळत नाही. मी सावंतवाडीकडे कोकम आगळ, पिठं आणि मसाले विकते, त्यामुळे या धंद्यात जे पाहिलं त्यावरूनच सांगते.

लोगो थांबू शकतो. आधी वजनकाटा आणा.

आईचा हात अंदाजाचा असणार, आणि घरच्यांसाठी तो उत्तमच आहे. पण मुंबईतल्या बाईने मे महिन्यात नेलेला मसाला आणि दिवाळीत मागवलेला मसाला एकसारखाच लागला पाहिजे. बांगड्याच्या तिखल्यात ती दोन चमचे घालते. या वेळी दोन चमच्यांत पोरांच्या डोळ्यांत पाणी आलं, तर ती तक्रार करणार नाही, फक्त पुन्हा फोन करणार नाही. मिरची दर वर्षी सारखी येत नाही, हे आई तुमच्यापेक्षा जास्त जाणते. ब्याडगी रंग देते, तिखटपणा कमी. लवंगी आणि संकेश्वरी झणझणीत. एकाच जातीची मिरचीसुद्धा एका हंगामात जास्त तिखट निघते, पुढच्या हंगामात फिकी. म्हणून आईसोबत बसा. मिरची देठं काढून, उन्हात कडकडीत वाळवून मगच तोला, कारण त्याआधीच्या वजनाला काही अर्थ नसतो. धणे, बडीशेप, खसखस, दगडफूल, नागकेशर, चक्रीफूल, हळकुंडं, हिंग, सगळं भाजायच्या आधी आणि भाजल्यावर तोलून वहीत लिहा. दर घाण्याचा, म्हणजे एका वेळी केलेल्या मसाल्याचा, थोडा भाग तारीख घालून घट्ट झाकणाच्या बरणीत, अंधारात ठेवून द्या. नवा घाणा कांडपावरून आला की दोन छोट्या टोपांत एकाच मापाने सार करा, एकात जुना मसाला, एकात नवा, आणि कुठला कशाचा ते न सांगता आईला चाखायला द्या. फरक कळला तर मिरचीचं प्रमाण हलवा. हे कंटाळवाणं आहे, पण लोक ज्याला ब्रँड म्हणतात त्यातला निम्म्याहून जास्त भाग माझ्या मते इथेच तयार होतो.

लिज्जतचंच बघा. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. पुढे हजारो घरांत पापड लाटले जाऊ लागले, पण पीठ मात्र केंद्रावर मळून बहिणींना घरी लाटायला देतात. लाटणारे हात वेगळे, चव एकच. टीव्हीवरचा ससा सगळ्यांना आठवतो, पण तो आला कितीतरी नंतर.

आता विक्री. मुंबईतल्या मोठ्या दुकानांच्या मागे धावण्याआधी, गिऱ्हाईक तुमच्या दारात कधी येतं ते बघा. मे महिन्यात आणि गणपतीत चाकरमानी गावी येतात आणि परतताना पिशवीत मसाला, कोकम, काजूगर नेतातच. त्यांच्या हातात तुमचं पाकीट पडलं की ते पैसे न घेता तुमचा माल डोंबिवलीपर्यंत पोचवतात, आणि शेजारणीला वासही देतात. त्यासाठी गावातलं दुकान, एसटी स्टँडजवळचं किराणा दुकान, रेल्वे स्टेशनच्या वाटेवरचा कोकणमेव्याचा स्टॉल ही ठिकाणं आधी धरा. दुसरी जागा मला याहून मोलाची वाटते: मालवण-तारकर्लीकडची घरगुती खानावळ किंवा होमस्टे. अशा दोन-तीन घरांना स्वयंपाकासाठी तुमचा मसाला द्या, अगदी कमी भावाने द्या, आणि जेवणाऱ्यांना दिसेल अशा जागी पाकिटं ठेवायला सांगा. सुरमईची थाळी संपवून माणूस विचारतो, "मसाला कुठला वापरता हो?" त्या प्रश्नाला समोरच उत्तर असेल, तर दुसरी जाहिरात लागत नाही. शहरात जायचं तर भीमथडी जत्रा, महालक्ष्मी सरस यांसारख्या ठिकाणी बचत गटांसोबत जा. तिथे नुसती पाकिटं मांडू नका, आईच्या हातची सोलकढी आणि गरम तिखलं चाखायला ठेवा.

एकदा नेलेल्या माणसाने पुन्हा मागवणं, यावर धंदा चालतो. त्यासाठी वही ठेवा: नाव, फोन, काय नेलं, कधी नेलं. चार माणसांच्या घरात २०० ग्रॅम किती दिवस पुरतं ते गिऱ्हाइकांनाच विचारा, आणि संपत आला असेल त्या सुमारास एक साधा निरोप धाडा. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्टमधला निरोप ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच जातो, म्हणून पाकीट देतानाच नंबर सेव्ह करायला सांगा. आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या साठवणीच्या, खरेदीची मागणी फेब्रुवारी-मार्चमध्येच नोंदवून थोडी आगाऊ रक्कम घ्या. मिरची घ्यायला ते पैसे कामाला येतात.

भाव ठरवताना आईची आणि तुमची मजुरी धरा. बहुतेक घरगुती धंदे इथेच बुडतात. देठं आणि वाळवणातली घट, कांडप, पाकीट, गाडीभाडं, दुकानदाराचा हिस्सा, हे सगळं धरूनही काही उरलं पाहिजे. मोठ्या कंपनीच्या पाकिटाशी भावात बरोबरी करायला जाऊ नका, ते तुमच्याच्याने होणार नाही.

इन्स्टाग्राम जरूर करा, पण पैसे न घालता. आई मिरच्या भाजतेय, अंगणात वाळवण पडलंय, असे साधे फोनवरचे व्हिडिओ पुरतात. गूगल मॅपवर आपली जागा फुकट नोंदवा.

नावाबाबत मात्र घाई नको. "आईचा मसाला", "गावरान", "घरगुती" अशी नावं इतक्या पाकिटांवर आहेत की गिऱ्हाइकाला तुमचं पाकीट वेगळं आठवणारच नाही. "मालवणी मसाला" हे मालाचं वर्णन झालं, ते कुणा एकाला नोंदवून मिळत नाही. घराण्यातलं, वाडीतलं, तुमच्या कुळाचं असं काही शोधा, जे फोनवर एकदा सांगितलं की समोरच्याला बरोबर लिहिता येईल. मग ट्रेडमार्क, म्हणजे नावावरचा हक्क, नोंदवायच्या सरकारी संकेतस्थळावर ते नाव आधीच कुणी घेतलंय का ते शोधून बघा, तो शोध फुकट असतो. तिथे मालाचे वर्ग पाडलेत, मसाले वर्ग ३० मध्ये येतात. एकट्या व्यक्तीला किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गासाठी ४,५०० रुपये आहे आणि नोंदणी १० वर्षं टिकते. डिझायनरच्या २५,०००पैकी पहिले पैसे इथे जाऊ द्या, पुढचे एकदा प्रयोगशाळेत मसाला तपासून घ्यायला. मिरचीत ओल राहिली तर बुरशीचं विष धरतं, आणि ते चवीवरून कळत नाही. उरलेल्यात साधं, मोठ्या अक्षरांचं लेबल छान होतं. पाकीट आतून चंदेरी थर असलेलं घ्या, पारदर्शक नको, उजेडात मिरचीचा रंग उडतो.

लेबलवर एफएसएसएआयचा (सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ आकडी क्रमांक, शाकाहाराचं हिरवं चिन्ह, घटक, निव्वळ वजन, सर्व करांसहित किंमत, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत वापरावा, घाणा क्रमांक, पत्ता आणि फोन हे हवंच. छापण्याआधी नियमांची ताजी यादी एकदा जरूर पाहा. ट्रेडमार्कचा अर्ज केल्यावर नावापुढे टीएम (™) लावता येतं. वर्तुळातला आर (®) मात्र नोंदणीचं प्रमाणपत्र हातात आल्याशिवाय छापू नका, कायद्याने तो गुन्हा आहे. छपाईवाला "सगळेच टाकतात" म्हणेल, त्याचं ऐकू नका.