रोज वीस-वीस वेळा गिरवूनही चिनी अक्षर विसरतं. एक अक्षर नेमकं कसं शिकायचं?

पानंच्या पानं गिरवूनही आठवड्याभरात अक्षर डोक्यातून जातं आणि वाक्यात वापरता येत नाही, असं तुम्ही लिहिलंय. दुखणं त्या गिरवण्यातच आहे. तिसऱ्या-चौथ्या वेळेपासून हात फक्त वरच्या घरातली नक्कल उतरवतो, आठवायला काही उरतच नाही. बरेच जण तर आधी सगळ्या घरांत अक्षराचा डावा भाग काढतात आणि मग उजवा. पान भरतं, पण पूर्ण अक्षर सलग एकदाही लिहिलं जात नाही.

'चांगलं' या अर्थाचं 'हाओ' घेऊन सांगतो. त्यात सहाच स्ट्रोक (पेन न उचलता ओढलेल्या रेघा) आहेत आणि चिनी लिपीच्या सरलीकृत व पारंपरिक दोन्ही पद्धतींत ते सारखंच लिहितात. फोनच्या पिनयिन (रोमन अक्षरांत चिनी उच्चार लिहिण्याची पद्धत) कीबोर्डवर एच-ए-ओ टाइप करून ते मोठं करा आणि समोर ठेवा. गणिताची चौकटीची वही घ्या. दोन बाय दोन चौकटींचं एक घर धरा. मधली उभी-आडवी रेघ तुम्हाला प्रमाण दाखवेल. चीनमधल्या शाळकरी मुलांच्या वह्यांत घराच्या मधोमध तुटक रेघा असतात त्या याचसाठी.

डावीकडे 'बाई' आणि उजवीकडे 'मूल', असे दोन भाग, प्रत्येकी तीन स्ट्रोकचे. बाईचा पहिला स्ट्रोक वरून तिरपा डावीकडे उतरतो आणि पेन न उचलता वळून उजवीकडे खाली जातो. दुसरा त्याच्या उजवीकडे वर सुरू होऊन डावीकडे खाली येतो आणि पहिल्याच्या शेपटीला छेदतो. तिसरा आडवा. इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. 'बाई' हे अक्षर एकटं लिहिताना ही रेघ दोन्ही बाजूंना ऐसपैस जाते. पण ते डावा भाग म्हणून आलं की रेघ आखूड होते, उजवीकडे किंचित वर चढते आणि दुसऱ्या स्ट्रोकपाशीच थांबते. ती पुढे गेली, तर 'मूल' बसायला जागाच राहत नाही.

चौथा स्ट्रोक छोटा आडवा, टोकाला वळून डावीकडे खाली येणारा. तो संपतो तिथून पाचवा: किंचित बाक असलेला उभा, तळाशी डावीकडे आकडा. चौथा-पाचवा एका दमात ओढू नका, मध्ये पेन उचला. शेवटी सहावा, लांब आडवा, पाचव्याला छेदणारा. दोन भागांत फट मोठी ठेवलीत तर वाचणाऱ्याला ती 'बाई' आणि 'मूल' अशी दोन वेगळी अक्षरं वाटतील.

आता सराव. बघून तीनदाच लिहा. मग फोन बंद करून, 'हाओ, चांगलं' एवढं मनात म्हणून कोऱ्या घरात लिहा आणि ताडून पाहा. जो स्ट्रोक चुकला तो समजून घेऊन पूर्ण अक्षर पुन्हा लिहा. दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी आणि आठवड्याने असंच, न बघता. वीस वेळा बघून लिहिण्यापेक्षा हे पाच-सहा वेळा आठवून लिहिणं कितीतरी जास्त टिकतं.

'हाओ'चा उच्चार तिसऱ्या टोनचा (टोन म्हणजे शब्दाचा अर्थ ठरवणारी आवाजाची चढ-उतार), खाली दबलेला. मात्र 'नी हाओ' म्हणजे 'नमस्कार', यात दोन तिसरे टोन लागोपाठ येतात, म्हणून 'नी' दुसऱ्या, चढत्या टोनमध्ये म्हणायचा. पिनयिनमध्ये खूण तिसऱ्याचीच राहते, त्यामुळे नवशिके फसतात.

वापराकडे मी सर्वांत जास्त लक्ष द्यायला सांगेन. सुटं अक्षर पाठ करू नका, शब्द आणि वाक्यं लिहा. 'मी बरा आहे' म्हणताना आपल्याला 'आहे'साठी 'श' घालावासा वाटतो. तो इथे चालत नाही. 'वो हन हाओ' म्हणायचं, 'हन' (शब्दशः 'खूप') हवाच. क्रियापदाच्या आधी 'हाओ' लागलं की गोष्ट करायला छान: 'हाओ-छ' चविष्ट, 'हाओ-खान' दिसायला सुंदर, 'हाओ-थिंग' कानाला गोड. क्रियापदानंतर आलं की काम नीट पुरं झालं: 'श्ये हाओ ल' म्हणजे आपलं 'लिहून झालं'. विशेषणाआधी आलं की जोर: 'हाओ लंग!' म्हणजे 'काय थंडी आहे!'

हेच अक्षर चौथ्या, झटकन उतरणाऱ्या टोनमध्ये वाचलं की अर्थ 'आवड असणं' होतो. छंदाला 'आय-हाओ' म्हणतात, त्यात हाच टोन. 'हाओ-छ' तिसऱ्या टोनमध्ये चविष्ट आणि चौथ्यात खादाड, लिहायचं मात्र अगदी सारखं. त्यामुळे चौथ्या टोनच्या शब्दांसाठी वेगळं कार्ड करा आणि त्यावर टोन लाल शाईने लिहा.